अमली पदार्थाने झालेला मृत्यू: अंतिम कारणाचा दाखला कसा मिळवावा

मृत्यू प्रमाणपत्रावर मृत्यूचे कारण नसते; ते शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या अंतिम अभिप्रायात असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 17 नुसार ते छापण्यास मनाई आहे. तरीही एक मावशी प्रमाणपत्राच्या तीन लॅमिनेट केलेल्या प्रती घेऊन कारणाचा रकाना शोधत आल्या होत्या, आणि त्यांना तसे पाठवणाऱ्या कार्यालयालाही हे ठाऊक नव्हते.

नोंदणी 21 दिवसांत विनाशुल्क होते. कारण कळेपर्यंत ती थांबवू नये. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संशयित मृत्यूत पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 194). शवविच्छेदनानंतर डॉक्टर बहुधा एवढेच लिहितात: "अभिप्राय राखून ठेवला, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) जतन." जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे बरण्यांत सीलबंद होऊन न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. तिचा अहवाल, म्हणजे बोलीभाषेतला सी. ए. (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट, पोलीस ठाण्यात येतो आणि खरी अडचण इथेच सुरू होते. तो शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून त्यांच्याकडून अंतिम अभिप्राय घ्यावा लागतो. पाठपुरावा नसेल तर रिपोर्ट ठाण्याच्या फाइलमध्येच पडून राहतो, आणि कुटुंबाला वाटते की प्रयोगशाळेचाच उशीर आहे.

जवळच्या नातेवाइकाने ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि मृत्यू प्रमाणपत्राची प्रत जोडून, रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवून अंतिम अभिप्राय मिळावा असा लेखी अर्ज ठाण्यात करावा. अकस्मात मृत्यूच्या नोंदीचा क्रमांक त्यात न चुकता लिहावा, कारण नुसत्या नावावरून कागद सापडत नाहीत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी "बघतो" याला काही किंमत नाही.

अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या आकडेवारीचा पायाही हा अंतिम अभिप्रायच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पोलिसांच्या नोंदींवरून आकडे मांडतो, तर जन्म-मृत्यू नोंदणी पाहणारे भारताचे महानिबंधक कार्यालय डॉक्टरांच्या कारण-प्रमाणपत्रावरून, म्हणजे नमुना 4 व 4अ वरून. म्हणून दोन्ही आकडे जुळतील अशी अपेक्षा धरू नये. नमुन्यात केवळ "हृदय व श्वसनक्रिया बंद" लिहिले तर अमली पदार्थाचा मागमूस उरत नाही. अपघात, आत्महत्या की अनिश्चित, यावरही आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणातला (आयसीडी-10) मृत्यूच्या कारणाचा संकेतांक बदलतो: अफूजन्य पदार्थांसाठी अनुक्रमे एक्स 42, एक्स 62 आणि वाय 12. त्यामुळे अंतिम अभिप्राय हाती येताच पदार्थाचे नाव त्यात स्पष्ट लिहिले आहे का, हे तिथेच उभे राहून वाचावे, आणि ते नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे लेखी विचारणा करावी.