फिल पॉवर आणि फिल वेट: ‘आठशेची बॅग’ म्हणजे नेमकं काय?

हिमालयासाठी पहिली डाऊनची, म्हणजे पक्ष्याच्या मऊ लवेने भरलेली, स्लीपिंग बॅग घेतली तेव्हा दुकानदाराने दोन बॅगा पुढ्यात टाकल्या. “साहेब, ही सहाशेची, ही आठशेची.” आठशे म्हणजे सहाशेपेक्षा जास्त, एवढं गणित मला येत होतं. शिवाय ती हातात फुलासारखी हलकी लागली. घेतली.

नोव्हेंबरअखेर सांक्रीहून केदारकंठाला निघालो. जुडा का तालाबच्या कॅम्पवर पारा शून्याखाली चार-पाच अंश गेला असावा, कारण तंबूबाहेर राहिलेल्या बाटलीत सकाळी बर्फ खुळखुळत होता. रात्रभर मी सगळे कपडे चढवून, गुडघे पोटाशी घेऊन, दर वीस मिनिटांनी घड्याळ बघत होतो. शेजारी मित्र त्याच्या गबाळ्या, जाडजूड, ‘सहाशेच्या’ बॅगेत घोरत होता. उजाडल्यावर दोन्ही बॅगांची लेबलं शेजारी धरून वाचली. त्याच्या बॅगेत डाऊन ६०० ग्रॅम. माझ्या बॅगेत ३०० ग्रॅम. माझ्या लेबलावरही ते छापलेलंच होतं, फक्त बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरातलं ८०० बघून मी खूश होतो.

मोठ्या अक्षरातलं ८०० म्हणजे फिल पॉवर आणि बारीक अक्षरातले ३०० ग्रॅम म्हणजे फिल वेट, हे ते दोन आकडे. दोन्ही शेकड्यांत असतात, दोन्हींच्या आधी ‘फिल’ येतं, आणि योगायोगाने बऱ्याचदा जवळपास सारखेच दिसतात. त्यामुळे ‘सहाशे फिल’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारायचा: सहाशे कसले?

यातली गंमत आपल्याकडच्या गादीवाल्याला सांगावी लागत नाही. गादी भरायला दिली की तो दोन गोष्टी विचारतो: कापूस कोणता आणि किती किलो? साध्या कापसाची उशी भरायला जेवढा माल लागतो, त्याहून कितीतरी कमी वजनात सावरीच्या कापसाची उशी टम्म होते. सावरीचा तंतू गुळगुळीत आणि पोकळ, एकमेकांना फार चिकटत नाही, म्हणून फुगून राहतो. ‘कापूस कोणता’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फिल पॉवर, ‘किती किलो’चं उत्तर म्हणजे फिल वेट. सावरीचा कापूस आहे म्हणून मूठभरच घालून गादी शिवली, तर तिच्यावर पाठ टेकली की फरशी लागणारच.

डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या बाहेरच्या पिसांखाली, पोटाछातीवर असलेली मऊ लव. तिला पिसासारखी मधली कडक काडी नसते. एका बिंदूतून सगळ्या दिशांना बारीक तंतू फुटलेले असतात, म्हातारीच्या उडत्या बीसारखे. हे गोळे एकमेकांना ढकलत फुगतात आणि मध्ये हवा अडकवतात. ऊब असते ती त्या अडकून पडलेल्या हवेची. डाऊनचं काम फक्त तिला हलू न देण्याचं.

प्रयोगशाळेत फिल पॉवर मोजतात ती अशी: एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास डाऊन एका उभ्या नळकांड्यात सोडायचं, वर ठरावीक वजनाची हलकी चकती ठेवायची आणि खालचं डाऊन किती घन इंच जागा व्यापतं ते पाहायचं. ८०० घन इंच व्यापलं तर फिल पॉवर ८००. आपल्या मापात हे तेरा लीटर होतात. जुन्या हिशेबातल्या अर्ध्या छटाकाएवढं डाऊन पाण्याची बादली जवळजवळ भरून टाकतं, हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं. पण या मोजणीत तुमच्या बॅगेचा कुठेही संबंध आलेला नाही, हे लक्षात घ्या. तो नमुन्याचा गुण आहे. त्याच डाऊनपासून कोणी जाडजूड बॅग शिवेल, कोणी पातळ जाकीट, कोणी उशी. तिन्हींवर ८०० असंच छापून येईल.

फिल वेट त्या मानाने अगदी साधं: या बॅगेत किती ग्रॅम डाऊन भरलंय, एवढंच.

आता गुणाकार करू. माझी बॅग: ३०० ग्रॅम गुणिले ८००, म्हणजे २ लाख ४० हजार. मित्राची: ६०० गुणिले ६००, म्हणजे ३ लाख ६० हजार. या आकड्यांना कसलंही एकक नाही, तुलना करायला घेतलेलं ढोबळ माप आहे. लीटरमध्ये हवं असेल तर माझ्याभोवती साधारण १४० लीटरची फुगवट होती, त्याच्याभोवती २०८ लीटरची. ‘कमी प्रतीच्या’ बॅगेत दीडपट हवा. मग तो का नाही घोरणार!

याच गणिताची दुसरी बाजू दुकानात कोणी सांगत नाही. मित्राच्या बॅगेएवढी फुगवट आठशेच्या डाऊनने मिळवायची तर किती ग्रॅम लागेल? ३ लाख ६० हजार भागिले ८००, म्हणजे ४५० ग्रॅम. ऊब तीच, वाचले १५० ग्रॅम. सहाशेवरून आठशेवर गेल्याचा खरा फायदा एवढाच, शिवाय बॅग दाबून थोड्या लहान थैलीत बसते. किंमत मात्र चांगलीच चढते. १५० ग्रॅम क्षुल्लक आहेत असं मी म्हणणार नाही. आठ-दहा दिवस स्वतःची सॅक स्वतः उचलणाऱ्याला ते जाणवतात, आणि असा ट्रेकर प्रत्येक वस्तूत दीडशे-दीडशे ग्रॅम वाचवतो तेव्हाच त्याची सॅक हलकी होते. पण ज्याच्या सॅकमध्ये बाकरवडीचं अर्ध्या किलोचं पाकीट, जीन्स आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली जाड चादर आहे, त्याने साडेआठशे-नऊशेच्या मागे लागून खिसा रिकामा करू नये. माझ्या मते पैसे मर्यादित असतील तर आधी ग्रॅम विकत घ्यावेत, फिल पॉवर नंतर.

हा गुणाकार शेवटचा शब्द नाही, हेही सांगायला हवं. तो दोन सारख्या मापाच्या, सारख्या शिवणीच्या बॅगांनाच लावता येतो. सहा फुटी माणसासाठी शिवलेल्या रुंद बॅगेत ४५० ग्रॅम पातळ पसरतात. अंगाबरोबर निमुळत्या होत जाणाऱ्या बॅगेत तेच ४५० ग्रॅम दाट बसतात. उन्हाळी बॅगांत वरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवलेलं असतं, त्या प्रत्येक टाक्याच्या रेषेवर डाऊन नसतंच आणि थंडी तिथून आत येते. थंडीच्या बॅगांत दोन कापडांमध्ये जाळीच्या उभ्या पट्ट्या घालून खोकी केलेली असतात, त्यामुळे टाक्यापाशीही फुगवट राहते. आणि मोठ्या खोक्यात फारच थोडं, पण उंची डाऊन घातलं तर ते एका कोपऱ्यात गोळा होतं. माझ्या त्या बॅगेत छातीवर नुसतं कापड आणि दोन्ही बाजूंना सगळं डाऊन, अशी अवस्था पहाटेपर्यंत झालेली होती.

याच लेबलावर गोंधळात भर घालणारी आणखी मंडळी असतात. ९०/१० म्हणजे भरलेल्या मालात ९० टक्के डाऊन आणि १० टक्के बारीक पिसं. ही फिल पॉवर नव्हे. बॅगेचं एकूण वजन म्हणजे फिल वेट नव्हे, त्यात कापड आणि चेन धरलेली असते. बदक की हंस यावर लोक तासभर वाद घालतात, पण तो फरक फिल पॉवरच्या आकड्यात आधीच येऊन गेलेला असतो. सारख्याच फिल पॉवरचं बदकाचं डाऊन स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्यावं.

बॅगेची तापमानाची चाचणी झालेली असेल तर एवढा खटाटोप करावाच लागत नाही. आधी ईएन १३५३७ आणि २०१६ पासून आयएसओ २३५३७ या मानकांनुसार बॅगेत गरम होणारा पुतळा झोपवून मोजतात, त्यात फिल पॉवर, ग्रॅम, शिवण, टोपी सगळं एकदमच येतं. लेबलावर मग ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे आकडे दिसतात. पहिला सर्वसाधारण स्त्री आरामात झोपेल असा, दुसरा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल असा. पुरुष असलात तरी कम्फर्टचाच आकडा बघा, आखडून झोपायला कोणी सुट्टी टाकून जात नाही. दुकानं मात्र लिमिटचा आकडा मोठा करून लावतात. आणि ही चाचणी पुतळ्याखाली चांगली मॅट आहे असं गृहीत धरून केलेली असते. पाठीखालचं डाऊन अंगाच्या भाराने चपटं होतं, तिथे आठशे काय आणि नऊशे काय, सारखंच. खालची थंडी मॅटच अडवते.

भाड्याने बॅग घेताना, मग ती मनालीत असो की काठमांडूच्या थामेलमध्ये, लेबल बहुधा पुसलेलं किंवा फाटलेलं असतं. तेव्हा ती जमिनीवर पसरून झटकायची, चहा होईपर्यंत फुगू द्यायची, आणि डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही हातांच्या चिमटीत धरत जायचं. जिथे दोन कापडं एकमेकांना लागतात तिथे रात्री थंडी लागणार. खूप वापरलेल्या बॅगेत ग्रॅम जवळपास तेवढेच असतात, पण घामाने, अंगाच्या तेलाने डाऊन चिकटून फुगवट गेलेली असते. गादीवाल्याच्या भाषेत, कापूस बसलेला असतो.

सह्याद्रीसाठी मात्र डाऊन घेऊच नका असं मी सांगतो. हरिश्चंद्रगडावर जानेवारीत कडाक्याची थंडी पडते, नाही असं नाही, पण पहाटेच्या दवाने तंबू आतून-बाहेरून ओला होतो आणि ओलं डाऊन म्हणजे फिल पॉवर जवळजवळ शून्य. पाणी सहज शोषू नये म्हणून प्रक्रिया केलेलं डाऊन मिळतं, ते थोडा वेळ जास्त तग धरतं इतकंच. आपल्या गडांवर सिंथेटिक बॅग, नाहीतर कॅरीमॅट आणि घरची घोंगडी उत्तम.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांना एक जास्तीचं काम असतं. पावसाळ्यात डाऊनची बॅग तिच्या छोट्या थैलीत कोंबून माळ्यावर टाकली तर ऑक्टोबरात कुबट वासाची चपटी वस्तू हाती येते. जुन्या उशीच्या अभ्र्यात किंवा सुती पिशवीत सैल भरून कपाटात टांगावी. तरीही बसलीच, तर गादीसारखी पिंजाऱ्याकडे देता येत नाही, धुवावी लागते.

मी गेल्या वर्षी ती जुनी आठशेची बॅग धुतली. टबात कोमट पाणी, डाऊनसाठी मिळणारा सौम्य साबण, पिळणं अजिबात नाही. उचलतानाही खालून दोन्ही हातांवर तोलून. ड्रायर असता तर त्यात दोन टेनिस बॉल टाकून काही तासांत काम झालं असतं. नव्हता, म्हणून पंख्याखाली चार दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ आत झालेले गोळे बोटांनी फोडत बसलो. चौथ्या दिवशी ती पलंगावर अशी काही फुगली की आईने विचारलं, “अरे, यात नवीन कापूस भरलास का?” स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितली. धुण्याआधी होतं तेवढंच वजन.