'पिकू दे की अजून' : कुत्र्या-मांजरांच्या मोतीबिंदूची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर सकाळी फिरायला आणलेल्या एखाद्या म्हाताऱ्या पॉमेरेनियनच्या डोळ्यात पांढरी झाक दिसली, की शेजारून चालणारे कोणीतरी हमखास सांगते, "मोतीबिंदू हाय, पिकू दे की अजून." हा सल्ला माणसांच्या जुन्या शस्त्रक्रियेतून आलेला आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील, म्हणजे मोतीबिंदूने दृष्टी जाण्यावरील, शलाकाकर्म (सळईने करायची शस्त्रक्रिया) वर्णिले आहे. त्या पद्धतीत गढूळ झालेले भिंग डोळ्याबाहेर येत नसे, ते दृष्टीच्या वाटेतून फक्त बाजूला सारले जाई. भिंग बाहेर काढण्याची रीत फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी 1747 मध्ये रूढ केली. पुढे दोन शतके चष्म्याच्या जाड काचांवर भागवावे लागत असल्याने, आणि पूर्ण पिकलेले भिंग काढायला सोपे जात असल्याने, दृष्टी जवळजवळ जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते. हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि 1967 मध्ये चार्ल्स केलमन यांनी, दंतवैद्याच्या उपकरणावरून सुचलेल्या कल्पनेने, श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) कंपनांनी भिंगाचा चुरा करून ते शोषून घेण्याचे तंत्र आणले. त्यानंतर थांबण्याचे कारणच उरले नाही. सल्ला मात्र घरोघरी टिकून राहिला.

कुत्र्यांसाठी हेच तंत्र आज वापरले जाते, पण माणसाचे भिंग त्यांना चालत नाही. माणसाला साधारण 20 डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचे माप) भिंग पुरते, कुत्र्याला सुमारे 41 आणि मांजराला 50 हून अधिक डायॉप्टरचे लागते. कुत्र्याच्या बाबतीत थांबणे तर उघड धोक्याचे आहे, कारण पिकलेल्या भिंगातील प्रथिने झिरपून डोळ्याच्या आत दाह होतो आणि त्यातून काचबिंदू किंवा डोळ्यामागचा पडदा सुटण्याची वेळ येते. मधुमेही कुत्र्यांत भिंगात साखरेपासून बनणारे सॉर्बिटॉल साचून ते पाणी ओढते आणि काही आठवड्यांतही डोळा पांढरा होतो. मांजरांत मधुमेहाने असे क्वचितच घडते. त्यांचा मोतीबिंदू बहुधा आधीच्या दाहाचा परिणाम असतो. सात-आठ वर्षांनंतर दिसणारी निळसर झाक मात्र पुष्कळदा मोतीबिंदू नसतेच. ते वयाने घट्ट झालेले भिंग असते, आणि त्यावर शस्त्रक्रिया लागत नाही. हा फरक बाहुली मोठी करून तपासल्यावर कळतो, फिरायला आलेल्या मंडळींच्या नजरेने नव्हे. खरा मोतीबिंदू असला तरी शस्त्रक्रियेपूर्वी पडदा काम करतो की नाही, हे विद्युत्-चाचणीने पाहून घ्यावे लागते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्यात जुने आणि नवे जवळ येतात. सुश्रुताने रोग्याला ढेकर, खोकला, शिंक आणि थुंकणे टाळायला सांगून दहा दिवस संयम सांगितला आहे. कुत्र्याला असे काही सांगता येत नाही, म्हणून त्याची शिंक नाही तरी धडपड तेवढी मालकालाच अडवावी लागते: पंजाने डोळा खाजवू नये यासाठी प्लास्टिकची कॉलर, दाह रोखणारे थेंब दिवसातून अनेकदा आणि पुढे काही आठवडे कमी करत करत, आणि डोळ्यातील दाबावर वारंवार लक्ष. गळ्यातला पट्टा ओढला गेला तरी डोळ्यावरचा दाब वाढतो. म्हणून रंकाळ्यावर दुसरे कुत्रे दिसताच उसळणाऱ्या प्राण्याला या काळात गळपट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस घालतात, आणि जिन्यावरून उचलून खाली आणतात.