झडपांचा बळावलेला हृदयरोग आणि पॅलिएटिव्ह केअर

हृदयाची झडप फार आकसली किंवा गळायला लागली, आणि ती बदलणं झेपणारं नाही किंवा पेशंटलाच नकोय, अशा वेळी धाप, सूज, थकवा आणि मनाची घालमेल कमी करायला जे उपचार होतात ते इथे अभिप्रेत आहेत. मराठीत उपशामक सेवा म्हणतात, पण बोलताना पॅलिएटिव्हच.

शब्दाचं मूळ बहुतेक कोश लॅटिन 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा इथपर्यंत नेतात. ढालीशी नातं जोडणारंही एक मत आहे, पण पहिलंच जास्त पटतं. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (मरणाजवळच्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र) सुरू केलं ते १९६७ साली, मुख्यतः कॅन्सरच्या पेशंटसाठी. 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव मात्र कॅनडातले डॉक्टर बॅल्फर माउंट यांनी मॉन्ट्रियलमध्ये साधारण १९७४-७५ च्या सुमारास रुळवलं, कारण फ्रेंच बोलणाऱ्यांना हॉस्पिस म्हटलं की निराधारांचं आश्रयस्थान आठवायचं. हृदयरोग या कक्षेत बऱ्याच उशिरा आला.

किती दिवस उरलेत हा प्रश्न निघाला की रॉस आणि ब्राउनवाल्ड या हृदयरोगतज्ज्ञांचा १९६८ चा आलेख हमखास पुढे येतो: महाधमनीची (हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीची) झडप आकसलेली असताना छातीत दुखायला लागल्यापासून सरासरी ५ वर्षं, चक्कर येऊन पडायला लागल्यापासून ३, हार्ट फेल्युअर झाल्यापासून २. हा आलेख जुन्या शवविच्छेदनांच्या माहितीवर उभा आहे आणि ते पेशंट आजच्यापेक्षा तरुण होते, तेव्हा आकडे ढोबळच धरलेले बरे. त्यातून २००२ मध्ये अ‍ॅलन क्रिबिए या डॉक्टरांनी फ्रान्समधल्या रुआँला पहिल्यांदा कॅथेटरमधून (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीतून) झडप बसवली आणि 'काहीच करता येत नाही' हा शिक्का ज्यांच्यावर बसायचा ती यादीच बदलली. फुग्याने झडप ताणून काही महिने आराम मिळतो, त्याला उपाय म्हणा नाहीतर उपशमन.

प्रत्यक्षात पेशंट आडवा झोपू शकत नाही, तीन उशा लावून किंवा खुर्चीतच रात्र काढतो. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, थोड्या मात्रेत मॉर्फिन, चेहऱ्यावर येणारा छोट्या पंख्याचा वारा, एवढ्यानेही धाप हलकी होते. ऑक्सिजन मात्र रक्तात तो कमी असेल तरच कामाचा. किडनी थकलेली असेल तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठून गुंगी येते म्हणून फेंटानिल हे त्याच जातीचं दुसरं औषध बरं पडतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायच्याच, त्याने पाणी साठतं. आकसलेल्या महाधमनीच्या झडपेत रक्तवाहिन्या सैलावणारी औषधं जपून द्यावी लागतात, बीपी एकदम कोसळू शकतं. छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल तर ते बंद करण्याचं बोलणं शेवटच्या रात्रीवर ढकलू नये.

मायट्रल झडपेबद्दल (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) लिखाण विरळ, त्यातही रुमॅटिक फीवरनंतर (घशाच्या संसर्गानंतर येणारा, झडपा खराब करणारा ताप) ती आकसलेल्या तरुण पेशंटबद्दल तर फारच थोडं. तिथे ठोके अनियमित होऊन वेग वाढला की डावा खालचा कप्पा भरायला वेळच मिळत नाही आणि धाप एकदम चढते, म्हणून ठोक्यांचा वेग आवरला की बराच आराम पडतो.