होम थिएटर रिसीव्हरमधील बेस व्यवस्थापन

ध्वनिपटाच्या सर्व चॅनलांमधील खर्जाचा भाग एका ठरावीक वारंवारतेखाली वेगळा काढून तो सबवूफरकडे (फक्त खर्ज वाजवणाऱ्या पेटीकडे) वळवण्याच्या, एव्ही रिसीव्हरमधील (सर्व स्पीकरांना ध्वनी वाटून देणाऱ्या उपकरणातील) प्रक्रियेला बेस व्यवस्थापन म्हणतात. रिसीव्हरच्या मेनूमध्ये ती स्पीकरचा आकार, क्रॉसओव्हर (विभागणीची सीमा-वारंवारता), एलएफईचा म्हणजे खर्जाच्या स्वतंत्र चॅनलचा लो पास फिल्टर (ठरावीक सीमेवरचा आवाज गाळणारी गाळणी), सबवूफर मोड, पातळी आणि अंतर अशा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली असते. त्यामुळे या सेटिंगचा परस्परसंबंध सहज लक्षात येत नाही, आणि घरोघरी ऐकू येणाऱ्या घुमणाऱ्या किंवा पोकळ बेसमागे बहुधा हेच कारण असते.

या विभागणीची गरज ध्वनीच्या भौतिकीतून येते. २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ मीटर असते. एखादा स्वर एक सप्तक खाली तितक्याच जोराने वाजवायचा असेल, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. पाच इंची वूफरला ते झेपत नाही. मोठा पडदा आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या सबवूफरला झेपते. शिवाय साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे बंद खोलीत कानाला नीटसे ओळखता येत नाही. म्हणूनच पाच-सात स्पीकरांचा बेस एकाच पेटीतून वाजवला तरी चित्रपटातील दिशांचा आभास बिघडत नाही.

एलएफई चॅनल आणि सबवूफर या दोन गोष्टींत सर्वाधिक गल्लत होते. पाच मुख्य चॅनल असलेल्या ५.१ मधील ‘.१’, म्हणजेच एलएफई, हा ध्वनिपटावर स्वतंत्रपणे नोंदलेला चॅनल होय. १९९२ पासून चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये त्याची मर्यादा १२० हर्ट्झपर्यंत आहे, आणि वाजवताना तो इतर चॅनलांपेक्षा १० डेसिबल चढा ठेवला जातो. सबवूफर ही मात्र खोलीतील पेटी आहे, आणि तिच्याकडे एलएफईखेरीज इतर चॅनलांचा वळवलेला बेसही येतो. मैफलीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात एलएफई नसतो, पण डग्ग्याचा घुमारा असतोच. पुढचे स्पीकर ‘लार्ज’ ठेवून सबवूफर मोड नुसता ‘एलएफई’ असेल, तर असे ध्वनिमुद्रण ऐकताना सबवूफर अगदी गप्प राहतो आणि तो बिघडला असावा अशी शंका घेतली जाते.

‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ या पर्यायांचा पेटीच्या आकारमानाशी संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे क्रॉसओव्हरखालचा बेस या स्पीकरकडून काढून सबवूफरला द्यावा. ‘लार्ज’ म्हणजे सगळा बेस स्पीकरलाच द्यावा. सबवूफर असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात, स्पीकर जमिनीवर उभे राहणारे उंच असले तरीही, ‘स्मॉल’ हाच योग्य पर्याय ठरतो. त्यामुळे स्पीकरवरचा आणि रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरवरचा सर्वांत जड भार उतरतो, आणि आवाज वाढवला तरी संवाद स्वच्छ राहतात. क्रॉसओव्हरसाठी टीएचएक्स या ध्वनिदर्जा प्रमाणित करणाऱ्या कंपनीने रूढ केलेली ८० हर्ट्झची सीमा हा चांगला आरंभबिंदू आहे. जेमतेम १२० हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या छोट्या सॅटेलाइट स्पीकरांसाठी ती १५० पर्यंत न्यावी लागते, पण तेवढ्या उंचीवर सबवूफरची जागा कानाला कळू लागते. म्हणून तो पुढच्या स्पीकरांजवळच असावा. ऑडिसीसारख्या, मायक्रोफोनने खोली मोजून आवाज दुरुस्त करणाऱ्या प्रणालीच्या स्वयंचलित मापनाने ठरवलेली सीमा वर नेण्यास हरकत नसते. ती खाली आणू नये, कारण मापनात आढळलेल्या मर्यादेच्या खाली त्या स्पीकरला दुरुस्ती लागू होत नाही.

एलएफईचा लो पास फिल्टर हे क्रॉसओव्हरचे दुसरे नाव नव्हे. तो १२० हर्ट्झवरच ठेवावा. ८० वर आणला, तर एलएफईमधील ८० ते १२० हर्ट्झचा भाग दुसऱ्या स्पीकरकडे जात नाही, तो ऐकण्यातून वजाच होतो. डेनॉन आणि मरांट्झ रिसीव्हरांतील ‘एलएफई + मेन’ किंवा ऑंक्योमधील ‘डबल बेस’ हा पर्याय लार्ज स्पीकर आणि सबवूफर या दोहोंना एकच बेस देतो. खोलीतील वेगवेगळ्या जागांवरून निघालेल्या त्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, तर कुठे खोडतात. पहिल्या ऐकण्यात भरदार वाटणारा हा बेस पुढे कंटाळवाणा होतो, म्हणून तो बंद ठेवणेच इष्ट.

सबवूफरच्या मागच्या बाजूला क्रॉसओव्हरचे स्वतंत्र बटण असते. रिसीव्हर गाळणी करत असताना ते सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवावे किंवा एलएफई इनपुट वापरावे. नाहीतर एकच गाळणी दोनदा होते. स्वयंचलित मापनानंतर सबवूफरची पातळी उणे १२ डेसिबल दिसली, तर रिसीव्हरची मर्यादा संपलेली असण्याचा संभव आहे. अशा वेळी सबवूफरचा आवाज कमी करून मापन पुन्हा घ्यावे. दाखवलेले अंतर टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा जास्त असले तरी बदलू नये, कारण सबवूफरमधील प्रक्रियेला लागणारा वेळही रिसीव्हर त्या आकड्यात धरतो. फेजसाठी, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ बसवण्यासाठी, क्रॉसओव्हरइतक्या वारंवारतेचा स्वर पुढच्या स्पीकरांसह वाजवून बसण्याच्या जागी आवाज अधिक भरतो ती स्थिती, ० किंवा १८० अंश, निवडावी.

इतके करूनही बेसचे खरे भवितव्य खोलीच ठरवते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिला अनुनाद, ध्वनीच्या वेगाला त्यांच्यातील अंतराच्या दुपटीने भागल्यावर येणाऱ्या वारंवारतेला होतो. ४.५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि जवळपास तितक्याच उंच खोलीत लांबीचा अनुनाद ३८ हर्ट्झला येतो, तर रुंदी आणि उंची या दोहोंचे अनुनाद ५७ हर्ट्झवर एकत्र साठतात. लांबीच्या बरोबर मध्यावर ३८ हर्ट्झचा दाब नाहीसा होतो, आणि तिथे सोफा असेल तर कोणताही इक्वलायझर तो खड्डा भरू शकत नाही. सोफा अर्धा मीटर सरकवणे अधिक उपयोगी पडते. सबवूफरची जागा शोधण्याची जुनी रीत अशी, की तो बसण्याच्या जागी ठेवून बेसचा सलग तुकडा लावावा, भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरावे, आणि बेस सर्वांत एकसारखा लागेल तिथे सबवूफर नेऊन ठेवावा. टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत केलेल्या आणि २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफर अनेक आसनांवर बेस एकसारखा ठेवतात हे दिसून आले. एकच प्रचंड सबवूफर घेण्यापेक्षा दोन मध्यम घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

पातळी हाताने मोजताना मीटर सी भारांकनावर (खर्जही जवळजवळ पुरता मोजणाऱ्या पद्धतीवर) ठेवून चाचणीध्वनी ७५ डेसिबलला आणतात. ए भारांकन ४० हर्ट्झच्या ध्वनीला सुमारे ३५ डेसिबल कमी मोजते, त्यामुळे ते येथे निरुपयोगी ठरते. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी असलेली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादाही ए भारांकनातच सांगितलेली आहे. म्हणजे मीटरवर मर्यादेत दिसणारा बेस स्लॅबमधून खालच्या घरात स्पष्ट जाणवू शकतो. सबवूफरखालच्या रबरी गाद्या स्लॅबमध्ये थेट उतरणारी कंपने कमी करतात, पण हवेतून जाणारा बेस अडवत नाहीत. फ्लॅटमध्ये रात्री सबवूफरची पातळी काही डेसिबल उतरवावी आणि, सोय असल्यास, डायनॅमिक ईक्यू बंद करावा, कारण आवाज कमी केल्यावर हे सेटिंग उलट बेस वाढवते.