ऱ्या, ऱ्हा आणि अर्ध्या ‘र’चा प्रश्न

‘आचार्यास जेवू घातले’ आणि ‘आचाऱ्यास जेवू घातले’ यांत पंगतीला बसणारा माणूस बदलतो. पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. पुण्यात अक्षरं रेखाटणारे, फॉन्ट घडवणारे, डीटीपी करणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे यांचा एक लहानसा गोतावळा आहे. गेली वीस-पंचवीस वर्षं ही माणसं एकमेकांच्या अडचणीला धावून जातात, आणि त्यांच्या बोलण्यात हा अर्धा र, म्हणजे ‘ऱ्या’ला डावीकडून जोडलेली आडवी कोर, हमखास येतो. त्यामागची ही हकिगत.

खिळे जुळवून छापायच्या काळात प्रश्न सोपा होता. ‘य’ किंवा ‘ह’ला डावीकडून जोडायची ती आडवी कोर खिळा म्हणून खिळ्यांच्या पेटीत असायची, जुळारी ती उचलायचा आणि पुढे जायचा. टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली, ती जुळणी सोपी आणि वेगाने व्हावी म्हणून. तेव्हा अक्षर म्हणजे त्याचा आकार. आकाराखाली आणखी काही असतं हे कोणाच्या गावी नव्हतं.

ते ‘आणखी काही’ म्हणजे संकेतांक, संगणक ज्या आकड्याने अक्षर ओळखतो तो. कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुढे पुण्यात, 1988 साली स्थापन झालेल्या सरकारी संगणक संस्थेत आलं. 1991 मध्ये इस्की हे संकेतांकांचं भारतीय मानक आलं, आणि त्याच वर्षी युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाची पहिली आवृत्तीही. पण सदाशिव, नारायण, बुधवार पेठांतल्या डीटीपीच्या दुकानांत या दोन्हींचा पत्ता नव्हता. तिथे प्रत्येक कंपनीचे फॉन्ट वेगळे आणि प्रत्येकाची आतली मांडणी वेगळी. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की पानभर निरर्थक चिन्हं. म्हणून ‘फाइलबरोबर फॉन्टही द्या’ हे वाक्य अप्पा बळवंत चौकात रोज ऐकू यायचं. ‘फॉन्ट’ या शब्दात अक्षराचं वळण, त्याचा संकेतांक आणि कळफलक असं सगळं कोंबलं गेलं, ते तेव्हापासून. आजही कोणी ‘युनिकोड फॉन्ट टाकून द्या’ म्हणतं तेव्हा नेमकं काय हवंय, हे विचारून घ्यावं लागतं.

विंडोज 2000 आणि मग 2001 साली एक्सपी आली, तेव्हा मराठी थेट लिहिता येऊ लागलं. त्यासाठी मात्र एका खिडकीत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. ती सीडी हातोहात फिरायची. ज्याला जमलं त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊन करून द्यायचं, हा शिरस्ता मी तिथेच पाहिला. कोणी पैसे मागितल्याचं आठवत नाही.

आणि त्याच वेळी अर्धा र आडवा आला.

युनिकोडमध्ये ‘र’पुढे हलन्त (पाय मोडल्याची खूण) आणि मग व्यंजन लिहिलं की रफार होतो: सूर्य, कार्य, अर्हता. मराठीला त्याखेरीज दऱ्या, सुऱ्या, वारा-वाऱ्यावर, तऱ्हा, गुऱ्हाळ, बिऱ्हाड हवेत. पुण्याला तर नऱ्हे गाव आणि कऱ्हा नदी जवळचीच. हा केवळ दिसण्यातला फरक नाही. रफाराआधीच्या अक्षरावर आघात येतो, ‘ऱ्या’आधीच्या अक्षरावर येत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ मोठ्याने म्हणून पाहावं, समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा कानालाच वेगळ्या कळतात.

युनिकोडच्या 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत यासाठी एक रीत होती: र, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पुढच्या आवृत्तीत इस्कीशी मेळ राखायचा म्हणून दुसरी रीत मुख्य ठरली: नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आणि हलन्त. जुनी रीतही चालू ठेवली. म्हणजे एकच ‘ऱ्या’, डोळ्यांना एकसारखा, पण आत दोन प्रकारे लिहिलेला. ‘कुऱ्हाडे’ आडनाव यादीत असतं आणि शोधलं की सापडत नाही, कारण यादी करणाऱ्याने एक रीत वापरलेली असते आणि शोधणाऱ्याने दुसरी.

यावरचा वाद अजून मिटलेला नाही. जोडकाच्या बाजूचे म्हणतात, मराठीत र एकच आहे. नुक्त्याचा ऱ युनिकोडमध्ये द्राविडी भाषांतला उच्चार देवनागरीत लिहिण्यासाठी आहे, तो आपल्या शब्दांत कशाला? शिवाय नुसत्या संकेतांकांवरून क्रम लावला तर ऱ सगळ्या ‘र’ंच्या मागे जातो आणि कोशाचा क्रम विस्कटतो. हा मुद्दा खरा आहे, भाषेच्या बाजूने तर अगदीच खरा.

तरी माझा कौल नुक्त्याच्या ऱ ला आहे. न दिसणारा जोडक मजकूर नेता-आणताना गळून पडू शकतो, काही सॉफ्टवेअर तो कचरा समजून काढून टाकतं. तो गेला की उरतो रफार. आचारी आचार्य होतो, दऱ्यांचा दर्या होतो, आणि चूक झाल्याची खूणही राहत नाही, कारण नवा शब्दही शुद्धच असतो. ऱ मध्ये असं काही गळत नाही. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट दाबून ‘र’च्याच कळीवर आहे, त्यामुळे नवख्याला फोनवरूनही सांगता येतो.

चित्रकाराची बाजू यात कमी बोलली जाते. बोरूने काढताना ही कोर एका झोक्यात येते. तिची जाडी कुठे वाढते, ‘ह’ला ती शिरोरेषेखाली किती अंतरावर भिडते, हे हाताला ठाऊक असतं. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या कित्येक फॉन्टांत ही कोर नव्हतीच. मग ‘ऱ’, त्याखाली पाय मोडल्याची खूण आणि शेजारी सुटा ‘य’ असं मोडकं रूप दिसे. मुक्त परवान्याचे फॉन्ट आल्यावर हे बदललं. लोहितसारख्या फॉन्टचं बरंच काम पुण्यात बसून झालं आहे, आणि परवानाच असा की आत हात घालून दुरुस्ती करायला कोणाची मनाई नाही. रेखाटणाऱ्याने कोर एकदाच काढायची आणि प्रोग्रॅमरने दोन्ही रीतींना तीच कोर जोडून द्यायची, अशी वाटणी त्यातून रुळली.

आता कोणी नवा फॉन्ट घेऊन आलं की या गोतावळ्यात आधी एक ओळ टंकून पाहतात: ‘नऱ्ह्याच्या गुऱ्हाळावरून कऱ्हेकाठच्या बिऱ्हाडी.’ एकदा जोडकाने, एकदा ऱ ने. दोन्ही ओळी एकमेकींवर ठेवतात आणि केसभरही फरक दिसला तर फाइल परत जाते, सोबत कोणीतरी दुरुस्त करून दिलेल्या कोरीसह.