रुग्णाचा माहितीचा हक्क

आपल्याला काय झाले आहे, डॉक्टर काय करणार आहेत, त्यात धोका किती, दुसरा पर्याय आहे का आणि खर्च किती येईल, हे जाणून घेण्याचा रुग्णाचा अधिकार. स्वतःच्या उपचारांची कागदपत्रे मिळणे हाही त्याचाच भाग. भारतात त्यासाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. न्यायनिवाडे, डॉक्टरांची आचारसंहिता आणि निरनिराळे कायदे यांतून तो उभा राहिला आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ मधला निवाडा या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा. दिल्लीतल्या ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिलेला दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलीखाली असतानाच बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. रुग्ण सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, हेही स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम, एवढे तरी रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे.

आपल्या घरांमध्ये नेमके इथेच अडते. कॅन्सरचे निदान झाले की मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून म्हणतो, "आईला काही सांगू नका हं." हे मायेपोटीच होते, पण उरलेले दिवस कसे घालवायचे हे ठरवण्याची संधी त्या आईच्या हातून जाते. माहिती तिची आहे. ती कोणाला सांगायची, की स्वतःलाही नको, हे तिलाच विचारायला हवे.

संमतिपत्राची गतही बरी नाही. इंग्रजी छापील कागद, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आणि "इथे सही करा" एवढेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मात्र रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचे बंधन घालतो. हे बंधन प्रत्येक ऑपरेशनला लागू असायला हवे.

कागदपत्रांबाबत नियम स्पष्ट आहेत. केसपेपर गोपनीय आहेत असे सांगून ते रुग्णाला नाकारता येत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागणी आल्यास तिची पोच देऊन ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी सुधारणा नियमांमुळे खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. केसपेपर तोंडी मागितले की "उद्या या" असे ऐकावे लागते; म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा.