माहीमची नोव्हेना आणि वांद्र्याची नोव्हेना

"तुमची नोव्हेना दर बुधवारी असते ना? मग सप्टेंबरात वांद्र्याला वेगळी कसली?" ऑफिसात हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. चूक विचारणाऱ्याची नाही. शब्द एकच, दोन्हीकडे मरियामातेचीच भक्ती, आणि बाहेर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं विकणारेही सारखेच.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. येशूचं स्वर्गारोहण गुरुवारी झालं आणि पवित्र आत्मा रविवारी उतरला, असं आम्ही मानतो. मधले नऊ दिवस शिष्य आणि मरिया एकत्र प्रार्थनेत होते. नऊचा आकडा तिथला.

वांद्र्याची नोव्हेना याच साच्यातली आहे. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. मोत माउलीचं, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीचं, फेस्त (सण) त्या दिवशी रविवार असेल तर त्याच दिवशी, नाहीतर पुढच्या रविवारी. त्याआधी ओळीने नऊ दिवस मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि प्रार्थना. मग फेस्त, आठवडाभराची जत्रा, आणि नोव्हेना थेट पुढच्या वर्षी.

माहीमची गोष्ट निराळी. सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ ला ही भक्ती सुरू झाली. तो बुधवारच होता. तेव्हापासून दर बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी अशा भाषांत पाळीपाळीने प्रार्थना चालतात. ही नोव्हेना कधी संपत नाही, म्हणून इथले नऊ ज्याचे त्याने मोजायचे. नवस बोललेला माणूस सलग नऊ बुधवार येतो. एखादा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून की पुढे चालू, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत. आई पहिल्यापासूनवाली. प्रार्थनेत भक्तांची आभारपत्रंही वाचून दाखवतात. नोकरी लागली, मूल झालं, घराचं काम मार्गी लागलं. पत्र लिहिणारे सगळे ख्रिस्ती असतात असं अजिबात नाही.

माहीमला माता आहे ती सदा साहाय्य करणारी. तिचं मूळ चित्र रोममध्ये, १८६६ पासून रिडेम्प्टरिस्ट संघाच्या धर्मगुरूंच्या ताब्यात. कधी जवळून बघा: वरच्या कोपऱ्यांत दोन देवदूत, एकाच्या हातात भाला, दुसऱ्याच्या हातात क्रूस. ते बघून बाळ येशू दचकलाय, आईच्या कुशीत धावलाय, आणि त्या घाईत एका पायातली चप्पल निसटून पट्ट्यावर लोंबकळतेय. माझं लक्ष दर वेळी त्या चपलेकडेच जातं.

यंदा विचारणाऱ्या मैत्रिणीला भावाच्या ऑपरेशनसाठी नवस बोलायचा होता. तिला म्हटलं, सप्टेंबरची वाट कशाला बघतेस, या बुधवारी माहीमला ये. फक्त सकाळची वेळ धर. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर आत पाय ठेवायला जागा नसते.